वोझ्न्याक म्हणजे टांगेवाला? एका पोलिश आडनावाची उलटतपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचं लग्न पोलंडमधल्या मुलाशी ठरलं आहे आणि मुलाचं आडनाव वोझ्न्याक. कुणा नातेवाइकाने मोबाइलवर शोधून "याचा अर्थ गाडीवान" असं जाहीर केलं. तेव्हापासून घरात "टांगेवाल्याकडे पोरगी दिली" ही थट्टा सुरू आहे, आणि थट्टेच्या आड आईला थोडी काळजीही आहे. जोडीला तीन उपप्रश्न आहेत. ॲपलवाला स्टीव्ह वोझ्नियाक यांच्यातलाच का? लग्नानंतर मुलगी "वोझ्न्याकोवा" होणार का? आणि या घराण्याचा मागोवा घ्यायचा तर कुठून सुरुवात करायची?

ताई, मी पोझ्नानमध्ये राहते. जुने पोलिश दाखले वाचणं, लावणं आणि भाषांतर करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. आमच्या इमारतीच्या खाली घंटीच्या बटणांची जी पाटी आहे, तिच्यावरच दोन वोझ्न्याक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणून तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. पण टांगेवाल्याचा मुद्दा गंभीरपणे घेण्यासारखा आहे. तो पूर्ण चूक नाही, पण मलाही पटत नाही.

आधी उच्चार. पोलिशमध्ये हे नाव लिहिताना झेडवर एक तिरकी रेघ असते. त्या रेघेमुळे तो झ आपल्या "माझ्या"मधल्या झ्यासारखा मऊ होतो आणि पुढचा न त्याला चिकटून "न्य" होतो. जोर पहिल्या अक्षरावर: वोझ्-न्याक. अमेरिकेत गेल्यावर रेघ गळाली, झ कडक झाला आणि "वॉझ्नियॅक" तयार झालं. लग्नात व्याह्यांचा उल्लेख करताना "पान वोझ्न्याक" म्हणा, विहीणबाईंचा करताना "पानी वोझ्न्याक". पान म्हणजे श्रीयुत, पानी म्हणजे बाईसाहेब. आपल्या कानांना ते विड्याचं पान आणि हिंदीतलं पाणी वाटतं, त्याला इलाज नाही. मीही पहिलं वर्षभर मनात हसतच होते.

आता अर्थ. या नावाच्या पोटात "वोझ्नी" हा शब्द आहे. आजच्या पोलंडमध्ये शाळेतल्या पोराला विचारलंत तर तो सांगेल, वोझ्नी म्हणजे शाळेचा शिपाई: किल्ल्या सांभाळणारा, घंटा देणारा. बाई असेल तर "पानी वोझ्ना", आणि तिच्या ओरड्याला मुख्याध्यापकांपेक्षा जास्त वचक. पण आडनावं आजच्या अर्थावरून लावायची नसतात. ती बनली तेव्हा शब्दाचा अर्थ काय होता ते बघावं लागतं, आणि जुन्या पोलंडमध्ये वोझ्नी हा न्यायालयाचा माणूस होता.

त्याची कामं ऐका. वादी-प्रतिवादींना समन्स पोचवायचं. कोर्ट बसलं की पुकारा करायचा. निकालाची दवंडी पिटायची. मारामारी झाली तर साक्षीदारांना घेऊन जाऊन जखमा बघायच्या, पीक तुडवलं किंवा कुंपण मोडलं तर नुकसान डोळ्यांनी पाहायचं आणि कोर्टात येऊन जे पाहिलं ते दप्तरात नोंदवून घ्यायचं. निकालानंतर जमिनीचा ताबा द्यायला जातीने हजर राहायचं. आपल्याकडे ज्यांनी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना या माणसाची ओळख करून द्यायला नको. हा बेलिफ. समन्स बजावणारा, ताबा देणारा, आणि पंचनाम्याचं कामही त्याच्याच गळ्यात. लॅटिन दप्तरांत त्याला "मिनिस्टेरियालिस" म्हणतात. ज्याचा अधिकार एका तालुक्यापुरता नसून दूरवर चाले तो "मिनिस्टेरियालिस जेनेरालिस". पदवी भारदस्त, पण माणूस बहुतेक वेळा साधा, कुळवाडी किंवा गावकरी घरातला.

आणि काम जोखमीचं. जुन्या पोलंडमधले सरदार-उमराव कोर्टाला फारसे भीक घालत नसत. समन्स घेऊन आलेल्याला चोप देणं, त्याने आणलेला कागद त्यालाच गिळायला लावणं अशा गोष्टी तिथल्या लोकस्मृतीत भरपूर आहेत. आदाम मित्स्क्येविचचं १८३४ सालचं "पान तादेऊश" हे महाकाव्य पोलिश मुलांना शाळेत अभ्यासाला असतं. त्यात प्रोताझी नावाचा एक म्हातारा वोझ्नी आहे. नोकरीतले दिवस गेलेत, पण जुन्या खटल्यांची यादी तो अजून आवडीने वाचत बसतो. एकेक नाव वाचलं की सगळा खटला डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि गडी खूश. त्याच काव्यात भांगेच्या उंच शेताचं वर्णन आहे (दोरखंडासाठी लावत ती भांग, तुम्ही समजताय ती नव्हे). समन्स टाकून पळणारा वोझ्नी तिथे लपायचा, कारण त्या गचपणात माणूस सापडत नसे. वोझ्न्याक आडनावाचा कुणीही भेटला की मला आधी ते भांगेचं शेत आठवतं.

मग गाडीवान आला कुठून? पोलिशमध्ये गाडीला म्हणतात "वुस", गाडीवानाला "वोझ्नीत्सा" आणि वाहून नेण्याला "वोझीच". वोझ्नी हा शब्दही मुळाशी याच कुळातला. म्हणून दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि झटपट माहिती देणाऱ्या पानांवर "वोझ्न्याक: गाडीवान" असं बेधडक छापलेलं दिसतं. माझा आक्षेप नावाच्या घडणीवर आहे. वोझ्नीत्सावरून आडनाव होतं तेव्हा तो "त्स" किंवा त्याचा "च" कुठेतरी शिल्लक राहतो: वोझ्नीत्सा, वोझ्नीच्का. ही आडनावं पोलंडमध्ये आहेतही. वोझ्न्याकमध्ये तो नाही. वोझ्नी अधिक "आक" म्हणजे वोझ्न्याक, हिशेब सरळ बसतो. एखाद्या गावात एखाद्या गाडीवानाच्या पोरालाही लोकांनी वोझ्न्याक म्हटलं नसेलच, अशी हमी मी देणार नाही. पण पैज लावायची तर मी बेलिफावर लावीन.

त्या "वोझीच"ची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संस्कृतातला ह् आणि पोलिशमधला झ पुष्कळ ठिकाणी एकाच जुन्या ध्वनीचे दोन वारस आहेत. आपलं हिम, त्यांचा हिवाळा "झीमा". आपलं हिरण्य, त्यांचं सोनं "झ्वोतो", आणि त्यावरूनच त्यांचं चलन झ्वोती. त्याच न्यायाने आपला वह् धातू, ज्यातून वाहन, वहन आणि वाहणं आलं, तो आणि पोलिशमधला वोझीच हे सख्खे चुलत. म्हणजे तुमच्या जावयाच्या आडनावाचा अर्धा भाग पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या तोंडात आहे. थट्टा करणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

राहिला "आक". हा प्रत्यय बऱ्याचदा "अमक्याचा मुलगा", कधी "अमक्याच्या हाताखालचा पोरगा" असं सांगतो. वोझ्नी बाप, वोझ्न्याक लेक. म्हणजे आडनाव धंद्यावरून आलं असलं तरी ज्याला ते पहिल्यांदा चिकटलं तो स्वतः तो धंदा करत असेलच असं नाही. "बेलिफाचा तो धाकटा" अशी गावाने केलेली ती ओळख आहे. हीच तऱ्हा दुसऱ्या धंद्यांची. कोवाल म्हणजे लोहार, कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा पोर किंवा भात्यावरचा उमेदवार. वुइत म्हणजे गावचा मुखिया, आपला पाटीलच म्हणा, आणि वुइचिक म्हणजे पाटलाचा पोरगा. वुइत हे पद पोलंडच्या ग्रामीण भागात आजही आहे, आता त्याची निवडणूक होते. पण "आक" म्हणजे दरवेळी मुलगाच, असं धरून चालू नका. देशातलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव नोवाक, त्यात "नोवी" म्हणजे नवा. गावात नवीन आलेला तो नोवाक. त्यात कुणाचा बाप नाही की धंदा नाही.

प्रत्ययावरून मुलुखाचाही अंदाज बांधता येतो. "आक" आणि "चाक" यांची गर्दी पश्चिमेकडे, आमच्या व्येल्कोपोल्स्का प्रांतात आणि मध्य पोलंडात. दक्षिणेला क्राकूफकडे "इक" आणि "चिक" जास्त. पूर्व सीमेकडे "उक". अंदाजच तो, पुरावा नव्हे. माणसं काय एका जागी बसून राहत नाहीत. पण वोझ्न्याक ऐकलं की माझं बोट नकाशावर आधी पोझ्नानकडे जातं. २००५ पासून या प्रांताच्या स्वराज्य संस्थेचा प्रमुख मारेक वोझ्न्याक हा आहे, म्हणजे इथे आडनाव थेट प्रांताच्या पाटीवर.

आणि ते प्रसिद्ध "स्की"? आपल्या "कर"शी त्याचं बरंच जुळतं. व्हिश्न्येवो गावचा तो व्हिश्न्येव्स्की, जसा नेवासे गावचा नेवासकर. सुरुवातीला हे जहागीरदारांचं लेणं होतं, गाव मालकीचं असे. पुढे लोकांनी ते सरसकट लावलं, कारण कानाला भारदस्त लागतं. कोवाल्स्की हे पोलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं आडनाव. त्यात लोहार आहे, पण अंगरखा सरदाराचा. वोझ्न्याकने तो अंगरखा चढवलेला नाही, आणि मला हे नाव आवडतं त्याचं एक कारण तेच आहे. काही शाखांनी मात्र चढवला. वोझ्न्यात्स्की, वोझ्नित्स्की, वोझ्न्याकोव्स्की ही त्याची रूपं. यांतली काही थेट गावांच्या नावांवरून आली असतील. मध्ययुगात राजाच्या चाकरीसाठी एकेका कामाची गावं वसवलेली असत: भाकरी भाजणाऱ्यांचं प्येकारी, लोहारांचं कोवाले, चांभारांचं शेफ्त्से. त्याच पठडीतलं वोझ्निकी. या नावाचं गाव सिलेसियात आहे आणि दुसरीकडेही आहेत.

आता "ॲपलवाला आपल्यातला का?" यावर येते. पोलंडमध्ये वोझ्न्याक आडनावाची ८० हजारांहून जास्त माणसं आहेत. देशातल्या पहिल्या वीस आडनावांत ते सहज बसतं. जिथे जिथे कोर्ट, तिथे तिथे वोझ्नी, आणि प्रत्येक वोझ्नीला मुलं. शेतकरी कुटुंबांची आडनावं कायमची ठरायला अठरावं शतक उजाडलं, कित्येक ठिकाणी एकोणिसावंही. त्याआधी बाप सुतारकी सोडून बेलिफाच्या चाकरीत गेला तर पोराचं नाव बदलायचं. एकाच माणसाची दोन नावं "उर्फ" लावून नोंदलेली मी कितीदा वाचली आहेत. त्यामुळे "वोझ्न्याक घराणं" असं काही नाही. शेकडो गावांत स्वतंत्रपणे उगवलेलं हे एक नाव आहे. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले की कुणी त्यांना भाऊ समजत नाही, तेच इथे.

स्टीव्ह वोझ्नियाकचं आडनाव पोलिश आहे हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. पण तो जन्मला ११ ऑगस्ट १९५० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये. १९७६ चा ॲपल-१ आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा ॲपल-२ हे यंत्रांचे आराखडे त्याच्या डोक्यातून आले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझ्या धंद्याच्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातल्या वेगळ्याच दोन गोष्टी मोलाच्या आहेत. एक, त्याच्या जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं आहे. आईला "स्टीफन" ई घालून हवं होतं, दाखल्यावर ए पडला. विसाव्या शतकात, अमेरिकेत, टंकलेखन यंत्रावर हे होतं, तर १८२० साली चर्चचे दाखले लिहिणाऱ्या पाद्रीबाबाला कशाला बोल लावायचा? दुसरी गोष्ट त्याहून बहारीची. ॲपल मोठी झाल्यावर तो अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला बर्कलीला परत गेला. आडनाव आता जगभर माहीत, म्हणून त्याने खोटं नाव घेतलं: कुत्र्याचं नाव रॉकी आणि तेव्हाच्या पत्नीचं माहेरचं आडनाव क्लार्क. १९८६ ची पदवी त्याच नावावर आहे. क्लार्क हेही धंद्याचं आडनाव, अर्थ कारकून! बेलिफाच्या पोराने लपण्यासाठी भांगेचं शेत सोडून कारकुनाचं घर धरलं. आणि त्याचं लाडकं टोपणनाव "वॉझ". पोलिश माणसाने ते लिहिलेलं वाचलं तर त्याला गाडीच दिसते, फक्त ओच्या डोक्यावरची रेघ तेवढी नाही.

पण वोझ्न्याक म्हटलं की मी आधी दुसऱ्याच माणसाचं नाव घेते. प्योत्र वोझ्न्याक, जन्म १९६२, इथलाच. पोझ्नानच्या तांत्रिक विद्यापीठात शिकत असताना त्याला एका गोष्टीने छळलं: पाठ केलेलं विसरायला का होतं आणि नेमकं कधी उजळणी केली की राहतं? १९८५ मध्ये त्याने स्वतःवरच कागदावर प्रयोग सुरू केले आणि १९८७ च्या डिसेंबरात संगणकावर पहिली आज्ञावली चालवली. तिचं नाव सुपरमेमो. त्या काळच्या दुसऱ्या सूत्रात पहिली उजळणी एका दिवसाने, पुढची सहा दिवसांनी, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी आधीच्या अंतराला एका गुणकाने गुणायचं. गुणक २.५ पासून सुरू होतो आणि एखादी गोष्ट अवघड गेली की खाली येतो, पण १.३ च्या खाली नाही. आज स्पर्धापरीक्षेची कितीतरी मुलं मोबाइलवर आंकी नावाचं कार्डांचं ॲप वापरतात, ते वर्षानुवर्षं याच सूत्राच्या सुधारित रूपावर चाललं. तुमच्या घरात कुणी एमपीएससीची तयारी करत असेल तर ॲपलपेक्षा या वोझ्न्याकचे उपकार त्याच्यावर जास्त आहेत.

खेळात आंद्झेय वोझ्न्याक. हा गोलकीपर. ऑगस्ट १९९५ मध्ये युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत पोलंडने पॅरिसमध्ये फ्रान्सला १-१ असं रोखलं. त्या दिवशी याने गोलपोस्टपुढे भिंत उभी केली, पेनल्टीही अडवली. तेव्हापासून त्याचं नाव "पॅरिसचा राजपुत्र". पोलंड त्या स्पर्धेला पोचलं नाही, पण टोपणनाव टिकलं.

टेनिसमध्ये दोघी आहेत, आणि त्यांच्यावरून तुमच्या "वोझ्न्याकोवा"च्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. अलेक्सांड्रा वोझ्न्याक ही माँट्रियलची, पोलिश आईवडिलांची मुलगी. २००८ मध्ये तिने स्टॅनफर्डची स्पर्धा जिंकली. दुसरी कॅरोलाइन वोझ्नियाकी, जन्म १९९० चा, डेन्मार्कमधल्या ओडेन्सेचा. वडील पोलिश फुटबॉलपटू, आई पोलंडच्या राष्ट्रीय संघातली व्हॉलीबॉलपटू. ही ऑक्टोबर २०१० मध्ये जगात पहिली आली, एकूण ७१ आठवडे त्या जागेवर राहिली, आणि २०१८ मध्ये सिमोना हालेपला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

आता दोघींची आडनावं शेजारी ठेवून बघा. "स्की", "त्स्की" ही आडनावं पोलिशमध्ये विशेषणासारखी चालतात, पुरुषाला ई, बाईला आ. आपल्या "काळा-काळी"सारखं, फक्त स्वर उलटे. म्हणून पोलंडमध्ये तिला वोझ्न्यात्स्काच म्हणायला हवं, आणि पोलिश वार्ताहर "कारोलीना वोझ्न्यात्स्का" असं लिहितातही. पण तिचा दाखला डेन्मार्कचा, तिथे बापाचं आडनाव जसंच्या तसं मुलीला. त्यामुळे जगभर ती बापाच्या पुल्लिंगी रूपात वावरते. अलेक्सांड्राची ही भानगड नाही, कारण "आक"वाली आडनावं बाईसाठी बदलत नाहीत. नवरा वोझ्न्याक, बायको वोझ्न्याक, मुलगी वोझ्न्याक.

पूर्वी बदलत असत. लग्न झालेली ती वोझ्न्याकोवा, कुमारिका ती वोझ्न्याकुव्हना. पाटलाची पाटलीण व्हावी तशी इकडच्या जुन्या दाखल्यांत वोझ्न्याच्काही दिसते. आज म्हातारी माणसं बोलताना वापरतात, कागदावर नाही. कुणाच्या आजी-आजोबांच्या कागदांत अशी तीन रूपं दिसली तर तीन घराणी समजू नका. कोल्हापूरकरांना हा घोळ जवळचा वाटेल. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. त्या पिढीची नावं वाचायची तर हे स्त्रीलिंगी प्रत्यय ओळखता आलेच पाहिजेत, नाहीतर भाऊ-बहीण परके वाटतात आणि मायलेकी तर हमखास.

तुमच्या मुलीपुढे पोलिश कायद्याने तीन वाटा आहेत: माहेरचं आडनाव ठेवायचं, नवऱ्याचं घ्यायचं, किंवा दोन्ही जोडायची. जोडआडनावात दोनच भाग चालतात. हे लग्नाच्या वेळी नोंदणी अधिकाऱ्यापुढे सांगावं लागतं आणि मुलांचं आडनाव काय असेल तेही तिथेच ठरतं, म्हणून हा विषय आधी घरी बोलून घ्या. ऐन टेबलाजवळ दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघताना मी दुभाषी म्हणून शेजारी उभी राहिले आहे, अजिबात शोभत नाही. समजा तुम्ही कुलकर्णी असाल तर "कुलकर्णी-वोझ्न्याक" सहज होईल. गावच्या दप्तराचा मालक आणि कोर्टाचा बेलिफ, दोघंही कागदाचेच चाकर. मला तरी ही सोयरीक जमलेली वाटते.

एक व्यवहारी सूचना. पोलिश कागदावर झेडवरची रेघ असते, पण पासपोर्टच्या तळाला यंत्रासाठी जी ओळ असते तिच्यात ती नसते. भारतातल्या कुठल्याही अर्जात ती रेघ न घातलेलं रूप वापरा आणि सगळीकडे तेच ठेवा. आणि पोलिश कागदात मजकुराच्या मधे "वोझ्न्याका", "वोझ्न्याकोवी", "वोझ्न्याक्येम" दिसलं तर स्पेलिंग चुकलं म्हणून अधिकाऱ्याशी भांडू नका. त्या त्यांच्या विभक्ती. आपण नाही का वोझ्न्याकांना, वोझ्न्याकांकडून म्हणत?

आता मागोवा. आडनाव घेऊन शोधायला निघालात तर समुद्रात पडाल. गावाचं नाव मिळवा, आणि एकाच नावाची दहा गावं असतात म्हणून जवळचं शहरही विचारा. त्यानंतर त्या गावावर १८१५ नंतर कुणाचं राज्य होतं ते बघा, कारण पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटलेला होता आणि कागदाची भाषा त्यावर ठरते. प्रशियाच्या वाट्यातला असेल, म्हणजे आमचा पोझ्नान, तर चर्चचे दाखले लॅटिनमध्ये किंवा जर्मनमध्ये. १८७४ च्या ऑक्टोबरापासून सरकारी नोंदणी सुरू झाली, ती जर्मन. तिथे हेच आडनाव झेडऐवजी एस घालूनही सापडेल. वॉर्सा-वूच भागात १८०८ पासून नेपोलियनच्या धर्तीची मुलकी नोंद आहे. ती लांबलचक वाक्यांत लिहिलेली, पण माहितीने भरलेली: कोण आलं, वय किती, धंदा काय, साक्षीदार कोण. १८६८ पासून तीच नोंद रशियन भाषेत, सिरिलिक लिपीत. लोक तिथे हात टेकतात. टेकू नका, रशियन दाखल्यांतही नावं बहुधा पोलिशमध्ये कंसात पुन्हा लिहिलेली असतात.

पोझ्नान भागासाठी "पोझ्नान प्रोजेक्ट" नावाची एकोणिसाव्या शतकातल्या लग्नांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. बाकी पोलंडसाठी "गेनेटेका", आणि मूळ पानांचे फोटो बघायला सरकारी अभिलेखागारांचं संकेतस्थळ. लग्नाची नोंद आधी शोधा, जन्माची नंतर. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप मिळतात आणि बहुतेकदा आईचं माहेरचं आडनावही. वोझ्न्याकसारख्या नावात खरी चावी तीच. एका गावात पाच यान वोझ्न्याक असतील, पण ज्याची आई अमुक घरातली असा एकच असतो.

नोंदीत धंद्याचा रकानाही वाचा. मला वोझ्न्याक आडनावाचे शेतकरी मिळाले, विणकर मिळाले, एक गिरणीवाला मिळाला. बेलिफ आजवर एकही नाही. बेलिफ त्याच्याही आधीचा कुणीतरी होता, ज्याचं स्वतःचं नाव "वोझ्नी" एवढंच लिहिलेलं असतं.

तेव्हा साखरपुड्याला व्याही भेटतील तेव्हा मुलाच्या आजीला विचारा: त्यांच्या सासऱ्यांचा जन्म कुठल्या गावातला, आणि सासूबाईंचं माहेरचं आडनाव काय. दोन्ही पोलिश लिपीत, रेघांसकट, आजीच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. तो कागद हातात आला की मला कळवा, पहिली नोंद मी लावून देईन.